बाटलीत जे नव्हतेच, त्याने कॅन्सर?

फोंड्याच्या वहिनीने पुतणीची एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस रद्द केली. डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. कारण एक फॉरवर्ड: ‘अमेरिकेच्या स्लोन केटरिंग कॅन्सर संस्थेने सिद्ध केलंय की एमआरएनए कॅन्सर रोखणारी प्रथिनं बंद पाडतो. कोविडची लस घेतलेले सगळे धोक्यात. मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देऊ नका, त्यातही तेच आहे. लस उतरवायला कडुलिंबाचा काढा घ्या.’ शेवटी ‘गोंयकारांनो, जागे व्हा’ आणि हात जोडलेले. वहिनी, तू म्हणालीस लिहून पाठव. घे.

स्लोन केटरिंगचा अभ्यास खरा आहे. क्रिस्टीन मायर यांच्या प्रयोगशाळेचा, ‘नेचर’मध्ये २०१८ साली आलेला. साल बघ, तेव्हा कोविडच नव्हता. त्यांनी एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमधल्या पेशी तपासल्या. पेशीच्या केंद्रकात जनुकाची आधी कच्ची नक्कल निघते. तिच्यातले इंट्रॉन नावाचे मधले तुकडे कापून टाकायचे, उरलेलं जोडायचं, टोकाला शेपूट लावायची, मग काही प्रथिनं ती नक्कल केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर नेतात. ही तयार नक्कल म्हणजेच एमआरएनए, तिच्यावरून पेशी प्रथिन बनवते. या रुग्णांत शेपूट मध्येच, इंट्रॉनमध्ये लागत होती. नक्कल तोकडी, म्हणून प्रथिनही तोकडं, आणि अशा तोकड्या राहिलेल्यांत कॅन्सर रोखणारी प्रथिनं होती. बिघाड पेशीच्या स्वतःच्या कापाकापीतला. त्यावरून एमआरएनएच घातक म्हणायचं, तर पोदेराने पाव करपवला म्हणून गव्हाला विष म्हणण्यासारखं आहे. तुझ्या-माझ्या जिवंत पेशींचं काम एमआरएनएवरच चालतं.

लशीतला एमआरएनए कारखान्यातून तयार होऊनच येतो. त्यात इंट्रॉन नसतात, त्यामुळे कापायला काही नाही, आणि त्याचं काम केंद्रकाबाहेरच होतं. संस्थेने स्वतःच्या पानावर खुलासाही टाकला की या अभ्यासातल्या एमआरएनएचा कोविडच्या लशींशी संबंध नाही. फॉरवर्डवाल्याने तेवढंच बरं गाळलं!

आणि आपल्याकडे कोविड लसीकरणाच्या टीका उत्सवात टोचलं काय? बहुतेकांना कोविशील्ड, काहींना कोव्हॅक्सिन. पहिलीत चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा विषाणू, दुसरीत मारलेला कोरोना. एमआरएनए दोन्हींच्या बाटलीत नव्हता.

माझं डोकं फिरलं ते एचपीव्हीवरून. त्या लशीत विषाणूच्या कवचाचं प्रथिन असतं, रिकामं कवच, आत काही नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी याच विषाणूमुळे होतो. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी ही लस घेतलेल्या मुलींत पुढे हा कॅन्सर एकीलाही झालेला आढळला नाही, २०२४ मध्ये छापून आलंय. कॅन्सरच्या भीतीने तू कॅन्सर रोखणारी लसच थांबवलीस.

एमआरएनएच्या कापणीतल्या आणि वाहतुकीतल्या बिघाडाचा कॅन्सरशी संबंध आहे, एवढं मानतो. कापणीच्या एसएफ३बी१ या जनुकातले बदल रक्ताच्या एका आजारात २०११ सालीच सापडले. केंद्रकातून माल बाहेर नेणाऱ्या एक्सपीओ१ या प्रथिनाला अडवणारं सेलिनेक्सॉर हे औषध अमेरिकेत २०१९ पासून मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना देतात. कोविशील्डने क्वचित कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तेही खरं. पण तो कॅन्सर नव्हे.

काढा हवा तर पी. डॉक्टरांची वेळ मात्र परत घे. कमी वयात घेतली तर डोस कमी लागतात, नेमके किती ते डॉक्टरांनाच विचार.