वय, गाव आणि पेगचा हिशेब: म्हापशाच्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

‘दीड हजारांच्या आत घरी ठेवण्याजोगी व्हिस्की’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मन लावून लिहिलेली आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. आपल्या कुंकळ्ळीत जगाने नावाजलेली सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आलेल्या बार्लीपासून बनणारी व्हिस्की) तयार होते आणि मी मात्र गोव्यातल्या वाचकांना भारतात बाटलीबंद केलेली साधी स्कॉच सुचवली. तिच्यावर वयसुद्धा छापलेलं नसतं, निदान 12 वर्षांची तरी सुचवायला हवी होती. आणि पेगमागच्या किमतीचा माझा तक्ता चुकीचा आहे.

शेवटच्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. 750 मिलीत 60 मिलीचे साडेबारा पेग बसतात, तेवढं धरून मी बाटलीची किंमत सरळ साडेबाराने भागली होती. पण प्रत्येक बाटलीतला पेग सारखा नसतो. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर अल्कोहोल 42.8 टक्के असं लिहिलेलं असतं. हा आडनिडा आकडा जुन्या ब्रिटिश मोजमापातून आला आहे. त्यात 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के, आणि त्याचे पाऊण म्हणजे 42.8. काही लेबलांवर अजूनही ‘75 डिग्री प्रूफ’ किंवा ‘25 यू.पी.’ (अंडर प्रूफ, म्हणजे 100 पेक्षा 25 ने कमी) दिसतं, तेही हेच. परदेशातच बाटलीबंद होऊन येणाऱ्या पुष्कळ व्हिस्क्या मात्र 40 टक्क्यांच्या असतात आणि काही माल्ट 46 च्या.

बाटलीतले मिली गुणिले टक्के, भागिले शंभर, म्हणजे आत नेमकं अल्कोहोल किती ते कळतं. 750 मिलीत 42.8 टक्क्यांना 321 मिली, 40 ला 300, 46 ला 345. समजा एक बाटली 1500 रुपयांची आणि 42.8 ची आहे, दुसरी 1400 ची आणि 40 ची. माझ्या तक्त्यात दुसरी स्वस्त ठरत होती. प्रत्यक्षात दोन्हींचा दर अल्कोहोलच्या मिलीमागे 4 रुपये 67 पैसेच पडतो. कमी पडलेल्या शंभर रुपयांच्या बदल्यात तेवढं जास्त पाणी बाटलीत आलेलं असतं. गल्फहून येणारं कुणी ड्यूटी फ्रीची बाटली आणत असेल तर आकारही पाहा. ती 700 मिलीची असू शकते, लिटरचीही, आणि 700 मिलीला 40 टक्क्यांनी 280 मिलीच भरतात.

आता वय. ‘निदान 12 वर्षांची’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

लेबलवरचं वय म्हणजे बाटलीत मिसळलेल्या व्हिस्क्यांपैकी सगळ्यात तरुण व्हिस्की पिंपात किती वर्षं होती ते. त्यापलीकडे तो आकडा काही सांगत नाही. पिंप नवं होतं की तिसऱ्यांदा भरलेलं, मूळ दारू जाडीभरडी होती की स्वच्छ, हे त्यातून कळत नाही. थकलेल्या पिंपात 12 वर्षं पडून राहिलेली दारू ओल्या लाकडासारखी चपटी लागते, आणि चांगल्या पिंपातली पाच वर्षांची तिच्यापेक्षा भरदार निघते. आपली काजू फेणी तर काचेच्या मोठ्या बाटल्यांतच ठेवतात. तिचा कस बोंडूच्या रसावर आणि भट्टीवर ठरतो, तिचं वय कुणी विचारत नाही.

शिवाय तुमचे पहिले दोन आक्षेप एकमेकांना छेद देतात, हे कृपया लक्षात घ्या. कुंकळ्ळीत तुम्ही म्हणता ती सिंगल माल्ट बनवणाऱ्या पॉल जॉनच्या नेहमीच्या बाटल्यांवरही वय छापलेलं नसतं, आणि त्याला कारण आपलं हवामान आहे. ओकच्या पिंपातून दारू सतत उडत असते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण 2 टक्के जाते, गोव्यात 8 टक्क्यांच्या आसपास. 200 लिटरचं पिंप भरून ठेवलं तर स्कॉटलंडमध्ये 12 वर्षांनी सुमारे 157 लिटर उरेल, कुंकळ्ळीत 74 लिटर. पाच वर्षांनंतर काढलं तर कुंकळ्ळीतही 132 लिटर हाती येतात. उष्णतेने दारू लाकडात लवकर शिरते, रंग आणि गोडवा लवकर घेते. म्हणून इथे 12 वर्षं थांबणं तोट्याचं आणि चवीलाही घातक: लाकडाचा तुरटपणा वरचढ होतो. वयावर अडून बसलात तर जिची तुम्ही बाजू घेता तीच गोव्याची व्हिस्की यादीतून बाद होते.

मग मी ती का सुचवली नाही? लेखाची मर्यादा दीड हजारांची होती आणि पॉल जॉनच्या ब्रिलियन्स, एडिटेड, बोल्ड या तिन्ही तिच्या खूप वर जातात. मोड आलेली बार्ली, तांब्याची पॉट स्टिल (दारू गाळायचं हंड्यासारखं भांडं), 46 टक्के अल्कोहोल, बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळणं नाही, हे स्वस्तात होत नसतं. याच घराण्यातली निर्वाणा त्यामानाने कमी किमतीची आहे. दुकानात ती मर्यादेच्या दोनतीनशेच वर दिसली आणि नुसत्या पाण्याबरोबर पिणार असाल, तर जरूर घ्या. हे मूळ लेखात यायला हवं होतं, ते राहिलं. सोड्याबरोबर किंवा कोकबरोबर पिणार असाल तर मात्र घेऊ नका. ज्या बारकाव्यांचे पैसे मोजले ते सगळे बुडबुड्यांत जातात.

भारतात बाटलीबंद केलेल्या स्कॉचबद्दल तुमच्या मनात ‘अर्धी नकली’ असा भाव दिसतो. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ही व्हिस्की स्कॉटलंडमध्येच बनते, तिथेच 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षं मुरते आणि मोठ्या टाक्यांतून इथे येते. इथे पाणी घालून 42.8 वर आणतात आणि बाटल्या भरतात. ती स्वस्त पडते कारण आयात शुल्क मालाच्या किमतीवर लागतं, आणि टाकीतल्या मालाची किंमत काच, खोका, नाव यांच्यासकट आलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी कमी असते. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सिंगल माल्ट स्कॉच नोव्हेंबर 2012 पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. ‘सिंगल माल्ट स्कॉच’ आणि ‘भारतात बाटलीबंद’ एकाच लेबलवर दिसलं, तर ती बाटली जागेवर ठेवा.

या गटात टीचर्स हायलँड क्रीमला मी पहिलं स्थान दिलं आणि ते कायम ठेवतो. तिच्यात माल्टचं प्रमाण चांगलं आहे आणि आर्डमोर या स्कॉटिश कारखान्याच्या माल्टमधल्या धुराची हलकी छटा सोड्यातही टिकते. ब्लॅक अँड व्हाइट तिच्याहून मऊ आणि गोडसर, ज्यांना धूर नको त्यांच्यासाठी. 100 पायपर्स हलकी, पाहुणे जास्त असतील तेव्हा सोयीची.

या स्कॉचच्या शेजारच्या फळीवर, जवळपास त्याच किमतीत, चकचकीत खोक्यातल्या देशी ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्क्या असतात. त्यांत बहुधा न्यूट्रल स्पिरिट (जवळपास बिनचवीचं शुद्ध अल्कोहोल) असतं, धान्याचं किंवा साखर कारखान्याच्या मळीचं, आणि त्यात थोडं माल्ट व थोडी स्कॉच मिसळलेली असते. मळीच्या स्पिरिटला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे ते कायदेशीर आहे, प्यायलाही काही वाईट नाही, पण स्कॉचच्या दराने ते घेणं पटत नाही. मागचं लेबल वाचा. ‘न्यूट्रल स्पिरिट’ हे शब्द घटकांत असतील आणि किंमत स्कॉचच्या शंभर रुपयांच्या आत-बाहेर असेल, तर निवड सोपी आहे. रंगावर जाऊ नका, कॅरमेल घालून हवा तो रंग आणता येतो आणि स्कॉचमध्येही ते चालतं.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका. 180 मिलीची क्वार्टर ही आपल्याकडची मोठी सोय आहे. दोन व्हिस्क्यांच्या क्वार्टर आणा (मिलीमागे थोडी महाग पडते, पण न आवडलेल्या 750 पेक्षा पुष्कळ स्वस्त) आणि घरात दुसऱ्या कुणालातरी ओतायला सांगा. तीन सारखे ग्लास, तोंडाशी निमुळते असतील तर उत्तम. दोनांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी 15 मिली. ग्लासच्या बुडाशी खूण करायची आणि तुम्ही ती पाहायची नाही. प्रत्येकात 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, साधं पाणी घाला. 42.8 ची दारू 32 टक्क्यांवर येते, नाकाला झोंबणारा अल्कोहोल बसतो आणि मागचा वास वर येतो. बर्फ नको, थंडीने वास मरतो. आधी तिन्ही नुसते हुंगा, तोंड किंचित उघडं ठेवून, मग एकेक घोट. वेगळा ग्लास कुठला ते सांगा.

एकदा बरोबर आलं तर त्याला अर्थ नाही, तीनांत एकदा ते अंदाजानेही येतं. ग्लास बदलून तीन वेळा करा. तिन्हीदा ओळखलंत तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 27 त एक उरते. ओळखता आलं नाही तर दोनांतली स्वस्त घ्या, आणि ओळखता आलं तर जी आवडली ती. 12 वर्षांची आणि वय नसलेली यांच्यातही हेच करून पाहा, मग आपण पुन्हा बोलू.

ही चाचणी जेवणानंतर घेऊ नका. रेशादचा तिखट मसाला भरलेला बांगडा खाऊन बसलात तर प्रत्येक ग्लास जळजळीत लागेल, कारण मिरची आणि अल्कोहोल दोन्ही जिभेवरची तीच जळजळ ओळखणारी यंत्रणा जागी करतात. त्या दिवशी मऊ व्हिस्कीसुद्धा ‘कडक’ म्हणून बाद होते. दोन ग्लासांमध्ये पाणी आणि पावाचा तुकडा पुरे.

दुकानात बाटली हातात घेतली की झाकणाची रिंग तुटलेली नाही ना ते पाहा, शेजारच्या बाटलीशी पातळी ताडून बघा, उलटी करून उजेडात धरा. तरंगणारे कण दिसले तर परत द्या. काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात उभी असलेली बाटली मागू नका, आतल्या खोक्यातली मागा. घरी ती उभीच ठेवायची. बुचाची बाटली आडवी ठेवली तर दारू बुचाला खाते आणि पावसाळ्यात बूच भुसभुशीत होऊन तुकडे आत पडतात. तसं झालंच तर चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा, दारू बिघडलेली नसते. बाटली एक चतुर्थांशाच्या खाली आली की उरलेली क्वार्टरच्या धुतलेल्या, पूर्ण सुकवलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर आतल्या हवेने दोनतीन महिन्यांत वास उतरतो. आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी लेबल खरवडा, म्हणजे तिच्यात कुणी भलतंच भरून विकणार नाही.

कोल्हापूरच्या नातेवाइकांसाठी गोव्यातून खोकं नेण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. नेऊ नका. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं लेबलवर छापलेलं असतं आणि परवान्याविना पत्रादेवीच्या सीमानाक्यापलीकडे नेलेली तीच बाटली महाराष्ट्रात गुन्हा ठरते. बांद्याला गाडी अडवली तर माल आणि गाडी दोन्ही अडकू शकतात. नातेवाइकांनाच इकडे बोलवा.

मूळ लेखातला तक्ता आज बदलला आहे. पेगच्या जागी अल्कोहोलच्या मिलीमागचा दर घातला आहे आणि निर्वाणासाठी खाली वेगळी नोंद जोडली आहे. त्यातही आकडा चुकलेला दिसला तर असाच कळवा.