कष्टकरी आजोबांचा माग कागदोपत्री लागत नाही, हा समज चुकीचा आहे

बडोद्यातील मराठी कुटुंबांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : वंशावळ सापडते ती सरदार-मानकऱ्यांची, मजुरी करणाऱ्या आजोबांचे नाव संस्थानी काळातील कागदांत कुठेच नसते, विलीनीकरणात जुनी दफ्तरे रद्दीत गेली, उरली ती मोडी लिपीत आहेत, तेव्हा विलायतेतल्याप्रमाणे जनगणनेत नाव मिळाले तर मिळाले. हे वाचून अनेक जण शोध सुरू होण्यापूर्वीच सोडून देतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान बडोद्याच्या बाबतीत तर सपशेल खोटे ठरते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्ती अमलात आणायची म्हणजे कोणाच्या घरी शाळेच्या वयाचे मूल आहे याची नोंद ठेवणे आणि ते न पाठवणाऱ्या पालकाकडून दंड घेणे ओघानेच आले. ज्या घरांतील मुलांनी एरवी शाळेची पायरी चढली नसती, त्यांचीच नावे या कायद्यामुळे कागदावर आली. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण मिळू शकते. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी सरळ १ जून लिहून टाकत.

विलीनीकरणात सर्व काही नष्ट झाले, हेही खरे नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, तरी संस्थानाच्या दफ्तराचा मोठा भाग आजही गुजरात सरकारच्या पुराभिलेख खात्याकडे बडोद्यातच आहे. संस्थानाची गायकवाडी रेल्वे त्याच वर्षी बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेमध्ये आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत गेली; मालक बदलले, पण कामगार त्याच कारखान्यात राहिले आणि त्यांच्या नोकरीचे कागदही पुढे चालू राहिले. माझे आजोबा बडोद्यातील प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. घरातल्या ट्रंकेत जपलेल्या त्यांच्या सेवापुस्तिकेच्या नकलेत पहिल्याच पानावर वडिलांचे नाव, मूळ गाव, उंची, 'डाव्या भुवईवर व्रण' ही ओळखखूण आणि खाली शाईत उमटवलेला अंगठा आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला साताऱ्याकडचे म्हणवत आलो होतो; त्या पानावरचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले निघाले. पगार द्यायचा तर माणसाची ओळख पटवावी लागते, म्हणून कष्टकऱ्याचा माग वंशावळीपेक्षा वेतनाच्या कागदांत अधिक लागतो. गिरणी कामगारांच्या बाबतीतही हेच आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात कापड उद्योग आरंभापासून होता, आणि निधीच्या नामनिर्देशन पत्रात वारसांची नावे, नाते व वय लिहावे लागते.

मोडीच्या अडचणीचा तर बाऊच केला जातो. बडोद्याच्या कारभारात गुजरातीला मोठे स्थान होते, आणि विसाव्या शतकातील शाळा व नोकरीच्या नोंदींसाठी मोडीची गरज क्वचितच पडते.

जनगणनेचा सल्ला मात्र वेळ वाया घालवणारा आहे. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनंतर घरोघरच्या नोंदी खुल्या होतात, त्याप्रमाणे १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी पाहता येत नाहीत. संस्थानाच्या छापील जनगणना अहवालांत जात, भाषा, व्यवसाय यांचे तक्ते आहेत. ते आजोबांचा काळ समजून घ्यायला उपयोगी पडतात, पण त्यांत नाव शोधू नये.

शोध घरच्या ट्रंकेपासूनच सुरू करावा. आजोबांचा किंवा त्यांच्या भावंडांचा शाळा सोडल्याचा दाखला हाती लागला, तर त्यावरील रजिस्टर क्रमांक आणि साल शाळेकडे करायच्या अर्जात लिहावे, कारण नुसत्या नावावरून इतकी जुनी नोंद शोधणे शाळेला फार कठीण जाते.