रिकाम्या सलाईनच्या बाटल्या आणि पिवळी बादली: दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार दादा,

आपण लिहिलंय की आईंच्या उपचाराबद्दल तक्रार नाही, पण सोबतच्या ताई डब्यातला उरलेला वरण-भात पिवळ्या बादलीत टाकत असताना सिस्टर त्यांना सगळ्यांसमोर बोलल्या. आणि सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आपल्या पैशाच्या असूनही नेऊ दिल्या नाहीत, त्या आम्ही मोंढ्यातल्या भंगारवाल्याला विकतो, असंही आपलं म्हणणं आहे.

आधी बाटल्यांचं. इथून एकही बाटली भंगारात जात नाही. वापरलेल्या बाटल्या, नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे हे सगळं लाल पिशवीत जातं. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे ते नातेवाइकांनाही देता येत नाही, भंगारवाल्यालाही नाही. पिशवीवर बारकोड लागतो, वजनाची नोंद होते, आणि 48 तासांच्या आत प्रक्रिया केंद्राच्या गाडीत ती जाते. तिथं प्लास्टिक निर्जंतुक करून त्याचे तुकडे करतात, म्हणजे तीच नळी धुऊन परत कुणाच्या हाताला लागायला नको.

पिवळ्या बादलीत रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, ऑपरेशनमध्ये काढलेला भाग असतो. हे जाळायला जातं. त्यात भात पडला की तोही त्याच कचऱ्यात धरावा लागतो, आणि वासानं कुत्री-मांजरं पिशव्या फाडतात. जेवणाच्या कचऱ्याची बादली वॉर्डाच्या दाराशी वेगळी आहे.

याच्या उलट, दवाखान्याचा कचरा साध्या कचऱ्यात गेला, तर जास्त घातक. इंजेक्शन दिल्यावर आमच्या सिस्टर सुईला टोपण परत लावत नाहीत. सुई तिथल्या तिथं कटरमध्ये तोडून पांढऱ्या कडक डब्यात टाकतात. तीच सुई साध्या कचऱ्यात गेली तर घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते. वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बी चा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो. आमच्या मावशींना त्याची लस दिलेली आहे. गाडीवरच्या माणसाला कुणी दिली का, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? त्या माणसाला काही होऊ नये म्हणून मी या बाबतीत कुणालाच सूट देत नाही, डॉक्टरांनाही नाही.

सिस्टरांचा आवाज चढला असेल, पण त्यांनी अडवलं ते बरोबरच केलं. मी त्यांच्या बाजूनं आहे.

पुढच्या तपासणीला आईंना घेऊन याल तेव्हा काउंटरवर माझं नाव सांगा. पिशव्या ठेवायची खोली आणि नोंदवही मी स्वतः दाखवतो. ताईंनाही सोबत आणा.

– आपला डॉक्टर, परभणी