रग जिरवणारा रग

मराठीत रग अंगात असते आणि ती कोणी तरी जिरवावी लागते. जमिनीवर अंथरायचा रग ही पुल्लिंगी वस्तू निराळी असून तीही माणसाची रग जिरवू शकते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या घरात पाहुण्यांसाठी सतरंजी होती, उंबऱ्याशी बस्कर होते, माळ्यावर वडिलांच्या काळातले एक घोंगडे होते आणि आईच्या ताब्यात सोलापुरी चादरी होत्या. जमिनीशी येणारे आमचे सर्व व्यवहार एवढ्यावर सुरळीत चालले होते. परंतु फेब्रुवारीत माझी पुतणी घरी आली. ती घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते, त्यामुळे चहाचा कप हातात घेऊनही तिची नजर फरशीवरच होती. सोफ्यापुढच्या मोकळ्या जागेकडे पाहून ती म्हणाली, "काका, तुमचा हॉल किती उघडा वाटतो!"

सव्वीस वर्षे आम्ही त्या हॉलमध्ये राहत आहोत. तेथे मुलांची बारशी झाली, मुंजी ठरल्या, गणपती बसले, आणि एवढ्या काळात तो उघडा आहे असे एकाही पाहुण्याने तोंडावर सांगितले नव्हते. पुतणी निघून गेली, पण तिचा शब्द राहिला. त्याच संध्याकाळी पत्नी सोफ्यावर बसून फरशीकडे अशा काही नजरेने पाहू लागली की मला उगाचच शरमल्यासारखे झाले.

पुतणीने जाताना आकारमानाचे नियम सांगून ठेवले होते. रगाची लांबी सोफ्यापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट जास्त असावी, भिंतीच्या कडेने फूटभर तरी फरशी मोकळी दिसावी, आणि सोफ्याचे निदान पुढचे दोन पाय रगावर यावेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आम्हांला लहानपणापासून शिकवलेले आहे. येथे आधी सोफ्याचे पाय पाहून मग अंथरूण शोधायचे होते. शिवाय पुढचे दोन पाय गालिच्यावर आणि मागचे दोन उघड्या फरशीवर, ही अवस्था मला एकूणच मध्यमवर्गाची वाटली, आणि म्हणूनही असेल, पण ती आमच्या हॉलला शोभेल असे वाटले.

आमचा सोफा सात फुटांचा. म्हणजे रग आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद हवा. परंतु आठ बाय पाच म्हणजे नेमके किती, हे कागदावर कळत नाही, म्हणून जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून तेवढ्या मापाचा एक कागदी रग मी सोफ्यापुढे अंथरला आणि चार दिवस तो तेथेच ठेवून सर्वांनी त्यावरून नेहमीप्रमाणे वावरावे, असे जाहीर केले. ही पद्धत उत्तम आहे, असे मी आजही म्हणेन. तिच्यात एकच दोष निघाला. छापील कागदाला पाय लावायचा नसतो. आईने पहिल्याच दिवशी मला, "अरे, पेपरवर पाय काय देतोस?" म्हणून थांबवले आणि स्वतः कडेकडेने भिंत धरून देवघराकडे गेली. पत्नीचा पाय एकदा चुकून लागला, तर तिने वाकून नमस्कार केला. केर-फरशीला येणाऱ्या मावशी दाराशीच उभ्या राहून, "रंग द्यायला काढलाय का हॉल?" असे विचारत्या झाल्या. चार दिवसांत त्या कागदावर एकही पाऊल पडले नाही आणि सगळे घर भिंतीच्या कडेने चालू लागले, त्यावरून आठ बाय पाच हे माप फार मोठे आहे, असा निष्कर्ष आईने काढला. आई दुपारी त्याच्या कडेला पाट घेऊन बसे आणि गेल्या वर्षीचे अग्रलेख वाचून काढी. तिला एवढा उपयोग पुरेसा वाटत होता.

अशा रीतीने ते घोंगडे महिनाभर भिजत पडले. मग एका मैदानावर गालिच्यांचे प्रदर्शन लागल्याचे कळले. प्रदर्शनाचे 'शेवटचे दोन दिवस' राहिले होते. ते शेवटचे दोन दिवस पुढे तीन आठवडे चालले, पण तेव्हा आम्हांला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

गालिचा विकत घेणे हे साडी विकत घेण्यासारखे असेल अशी माझी समजूत होती. फरक वजनाचा आहे. साडी न आवडल्यास नुसती मान हलवून चालते. गालिचा दोन मुले खांद्यावरून आणून धप्पदिशी टाकतात, पायाने ढकलून उलगडतात, आणि आपण मान हलवली की पुन्हा गुंडाळून नेतात. सातव्या-आठव्या गालिच्यानंतर मला त्यांच्या नजरेला नजर देववेना. राजकारणात सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला निदान पुढेमागे तिकिटाची आशा असते. या मुलांना आमच्याकडून तीही नव्हती. केवळ त्यांच्या दयेपोटी नववा गालिचा घेऊन टाकावा असे माझ्या मनात आले होते. पत्नीने मात्र शांतपणे एकविसाव्यापर्यंत मजल मारली.

विक्रेता भदोहीचा होता. वाराणसी आणि प्रयागराज यांच्यामध्ये वसलेला हा भाग हातविणीच्या गालिच्यांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि तेथल्या गालिच्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्या गृहस्थाने आमचे अज्ञान पहिल्या दोन मिनिटांत ओळखले, परंतु त्याचा गैरफायदा न घेता आम्हांला शिकवायलाच घेतले, हे मला नमूद केले पाहिजे. "साहब, चेहरा मत देखिए, पीठ देखिए," असे म्हणून त्याने एक गालिचा उलटा केला. पाठीवर पुढचीच सगळी नक्षी बारीक गाठींमध्ये स्पष्ट दिसत होती. ही हाताने गाठी मारलेली वीण. दुसऱ्याच्या पाठीवर जाडेभरडे कापड डकवलेले होते. त्यात लोकर यंत्राच्या बंदुकीने टोचून बसवतात आणि ती निघू नये म्हणून मागून रबरी चिकाचा थर देऊन वर कापड लावतात. तोही हातकामच म्हणून विकला जातो आणि ते अगदी खोटे नाही, कारण बंदूक हातातच धरलेली असते. टोकाच्या झालरीवरूनही ओळख पटते. खऱ्या विणीत झालर म्हणजे आतल्या ताण्याचेच, म्हणजे उभे, दोरे असतात; नकली असेल तर ती परकराला लेस लावावी तशी मागाहून शिवलेली आढळते.

मग त्याने एका चौरस इंचात शंभर गाठी दाखवल्या आणि मी, हिशेबखात्यात आयुष्य काढलेला माणूस, लगेच गुणाकाराला लागलो. आठ बाय पाच म्हणजे चाळीस चौरस फूट, म्हणजे पाच हजार सातशे साठ चौरस इंच, म्हणजे पाच लाख शहात्तर हजार गाठी. एक विणकर दिवसाला सहा हजार गाठी मारतो असे धरले, तर एकट्याचे शहाण्णव दिवस. एवढा हिशेब मनातल्या मनात पुरा करून, एका माणसाचे तीन महिने आपल्या पायाखाली येणार या विचाराने मी गहिवरलो असतानाच पत्नीने त्या गालिच्याची किंमत निम्म्याने कमी करून मागितली.

मधल्या वेळात आम्हांला एक फार तुकतुकीत गालिचा मोहात पाडत होता. त्याच्यावरच्या चिठ्ठीवर 'बांबू सिल्क' असे लिहिलेले होते. बांबूचा आणि रेशमाच्या किड्याचा काय संबंध, असे पत्नीने विचारले, तेव्हा विक्रेत्याने उत्तर न देता त्याचा एक धागा काढून लायटरने पेटवला. जुनी वही जाळल्यासारखा वास आला. मग त्याने लोकरीचा धागा पेटवला. त्याला जळक्या केसांचा वास आला आणि तो आपला आपणच विझून बोटांत चुरगळला गेला. पहिला धागा लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा होता. दिसायला रेशीम, पण त्याच्यावर पाणी सांडले तर डाग राहतो आणि लव ताठ होते, असे त्यानेच सांगितले. ज्याला पाण्याचा थेंब सोसवत नाही, तो आमच्या घरी चार दिवसही नांदला नसता.

आता रंगाविषयी. हा भाग मला जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण आमच्या सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढे सरळ एकमत आणि त्यानंतर एवढी सरळ फसगत दुसऱ्या कशातही झालेली नाही. एकविसावा गालिचा उलगडला तेव्हा मी त्याच्या एका टोकाशी उभा होतो आणि पत्नी दुसऱ्या टोकाशी. मला तो पाहताक्षणी आवडला. गर्द विटकरी रंग, चहा सांडला तरी पचवून टाकील असा. त्याच क्षणी समोरून पत्नी म्हणाली, "अहो, हाच." माझा विश्वास बसेना. गर्द रंगाला ती कधी 'हो' म्हणत नाही. परंतु सुदैवाच्या खोलात जाऊ नये, या विचाराने मी गप्प राहिलो. सांगितलेला भाव अठ्ठेचाळीस हजार आणि ठरलेला एकतीस; पैसे दिले, रिक्षाच्या मागच्या सीटवर रग बसवला, पत्नी त्याच्या शेजारी बसली आणि मी बसने आलो.

घरी पोहोचल्यावर आईने विचारले, "रंग कोणता घेतलात?" मी म्हणालो, "विटकरी." पत्नी म्हणाली, "अबोली." आईने आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि दोन आणले का, असे विचारले.

रग अंथरल्यावर उलगडा झाला. लोकरीची लव सरळ उभी नसते, ती एका बाजूला कललेली असते. ज्या बाजूला तिचा कल आहे त्या बाजूने पाहिले, तर आपली नजर दोऱ्यांच्या टोकांत शिरते आणि रंग गडद भासतो. उलट्या बाजूने पाहिल्यास उजेड दोऱ्यांच्या अंगावरून परततो आणि तोच रंग फिका, चमकदार होतो. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की जे दिसते, तेच. प्रदर्शनात आम्ही दोघे एकाच गालिच्याच्या दोन टोकांना उभे राहून दोन निरनिराळ्या गालिच्यांना होकार देऊन आलो होतो. घरात मात्र सोफा एकाच भिंतीला आहे आणि टीव्ही समोरच्या, त्यामुळे सर्वांनी एकाच बाजूने पाहायचे. मी अंथरला तेव्हा सोफ्यावरून तो विटकरी दिसला. पत्नी म्हणाली, "हा तो नव्हेच." मी निमूटपणे तो फिरवून घातला. त्यानंतर तो माझा राहिला नाही.

मावशींनी दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्याची पाहणी केली आणि, "ताई, याचं वेगळं पडेल," असे सांगून टाकले. त्यांची बाजू मला पटते. ज्या घरात रोज केरसुणी आणि ओले फडके फिरते, तेथे न धुता येणारी चाळीस चौरस फूट जमीन आणून घालणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. शिवाय नवा लोकरी रग काही महिने झडतो. मावशी रोज त्याची झडलेली लव गोळा करून लिंबाएवढा गोळा वळत आणि, "दादा, आज एवढं निघालं," म्हणून माझ्यापुढे धरत. एकतीस हजारांपैकी आज किती गेले, याचा तो तोंडी हिशेब असे. आईने ते गोळे एका पिशवीत साठवले असून त्यात एका उशीचा ऐवज होईल असा तिचा अंदाज आहे.

तो किती वर्षे टिकेल, हा आईचा दुसरा प्रश्न होता. सैबेरियातल्या पाझिरिक येथे १९४९ साली एका थडग्यात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा लोकरी गालिचा बर्फात गोठलेला, नक्षीसकट सापडला, ही माहिती मी तिला मोठ्या उत्साहाने दिली. आई त्या वेळी आमच्या रगावर बसून मेथी निवडत होती. "त्याच्यावर कोणी मेथी निवडत नसेल," एवढेच ती म्हणाली. मेथीची बारीक देठे लवेत उभी रुततात आणि झाडूने निघत नाहीत, ती चिमटीने एकेक उपटावी लागतात. मी ते काम रविवारी करतो.

उन्हाने रंग उडतो हे कळल्यावर पत्नीने पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे लावले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इराणमधल्या अर्दबीलचा १५३९-४० सालचा प्रख्यात गालिचा आहे. त्याचे रंग विटू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने दहाच मिनिटे त्याच्यावरचे दिवे लावतात. आमच्याकडे ती दहा मिनिटेही मिळत नाहीत. अंधारात बसून मी अनेकदा पत्नीला विचारतो की आता तो विटकरी असला काय आणि अबोली असला काय. तिने अद्याप उत्तर दिलेले नाही.

तडजोड अखेर पुतणीनेच सुचवली, तीही नकळत. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून रग दर सहा महिन्यांनी उलट दिशेने फिरवून घालावा, असे ती फोनवर म्हणाली. मी लगेच कालनिर्णय काढले. पाडवा चैत्रात, दसरा आश्विनात. जवळजवळ सहा महिने. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत पत्नीची अबोली आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत माझा विटकरी, असे ठरले. अधिक महिना आल्यास तो कोणाच्या खात्यात धरायचा, यावर मात्र अजून बोलणी चालू आहेत.

सध्या भाद्रपद आहे. गौरीच्या दिवशी माझ्या हातून सोफ्याच्या डाव्या पायाशी अर्धा कप चहा सांडला आणि अबोलीवर बशीएवढा डाग उमटला. पत्नीने अजून तो पाहिलेला नाही, कारण पडदे ओढलेले आहेत. दसऱ्याला आता एकवीस दिवस उरले असून तोपर्यंत मी त्या जागेवर पाय ठेवून बसतो.