भाकितांपलीकडची श्रद्धा

ख्रिस्ती लोक ज्यूंना पाठिंबा देतात तो केवळ येशूच्या पुनरागमनाची भाकिते पुरी व्हावीत म्हणून, हे एका लेखातील विधान मला पटले नाही. हॉलंडमधील हार्लेमच्या टेन बूम या घड्याळजी कुटुंबात १८४४ पासून ज्यूंसाठी प्रार्थना होत असे, आणि शंभर वर्षांनी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, ज्यूंना घरात लपवल्याबद्दल त्याच कुटुंबाला नाझींनी पकडले. ८४ वर्षांचे कुटुंबप्रमुख कास्पर दहा दिवसांतच कैदेत वारले. ज्यू ही देवाची निवडलेली प्रजा आहे, ही त्यांची श्रद्धा होती.

बायबलमधील रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, जैतुनावर कलम केलेल्या रानटी फांदीने, म्हणजे ज्यू नसलेल्या ख्रिस्ती माणसाने, मूळच्या फांद्यांपुढे, म्हणजे ज्यूंपुढे, गर्व करू नये, कारण मूळच तिला आधार देते, असे प्रेषित पौल बजावतो. ते वाचताना मी प्रत्येक वेळी थबकतो. ऋणाची ही जाणीव लेखात कुठेच आलेली नाही.