मासे कळणाऱ्या माणसाला त्या टेबलावर बसवा

"एवढे डॉलर घालून बिनमसाल्याचा मासा कशाला खायचा" हे आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळींकडून मी सारखं ऐकतो आणि दरवेळी वाद घालावासा वाटतो, म्हणून आज लिहूनच टाकतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या ल बर्नार्दां या माशांच्या महागड्या फ्रेंच हॉटेलात मी माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो. आत्या मालवणची, सगळा जन्म मासे पारखण्यात आणि आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, कापण्यात गेला, आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा जागेचं खरं गिऱ्हाईक तीच, कंपनीच्या खर्चाने क्लायंटला जेवायला आणणारे नव्हेत.

ही जागा मुळात दर्यावरच्याच माणसांची. मागी आणि जिल्बेर ल कोझ ही भावंडं फ्रान्समधल्या ब्रिटनीची, आजोबा मासेमारी करणारे, आईवडलांचं समुद्राकाठी छोटं हॉटेल. १९७२ला पॅरिसमधे सुरुवात केली, १९८६ला न्यूयॉर्कला आले. जिल्बेर स्वतः पहाटे न्यूयॉर्कच्या घाऊक मासळीबाजारात, फुल्टन मार्केटात जाऊन मासे निवडायचा. १९९४ला तो अचानक गेला, तेव्हापासून किचन शेफ एरिक रिपेरकडे आणि २००५ पासून मिशेलिन या हॉटेलांना दर्जा देणाऱ्या गाइडचे सर्वोच्च तीन स्टार त्यांनी सोडलेले नाहीत.

आधी टुना आला, ठोकून ठोकून इतका पातळ केलेला की अख्खी प्लेट झाकली गेली, वर ऑलिव्ह ऑइल आणि बारीक चिरलेली पातीसारखी हिरवी चाइव्ह्ज. आत्याने काट्याने कड उचलून नीट बघितली, वास घेतला आणि मगच तोंडात घातला. नंतर ब्लॅक बास. कातडी कुरकुरीत, सॉस टेबलावरच वेटरने आपल्या हाताने ओतला, आत्याने काटा नुसता टेकवला तर मांसाचे पापुद्रे आपोआप सुटले. ती म्हणाली, "मासो ताजो आसा रे, म्हणान ह्येंका इतको कमी शिजवूक जमता." माझ्या मते त्या जेवणाबद्दल याहून नेमकं कोणी बोलू शकत नाही.

आणि बिनमसाल्याचं म्हणाल तर ते आपल्याकडे नाही का? होडीवरनं उतरलेला बांगडा नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात, त्याला कोणी मिळमिळीत म्हणत नाही. मसाला मलाही प्राणप्रिय आहे, पण मासा एक नंबर असला की त्याला जेवढ्यास तेवढंच लावायचं ही अक्कल कोकणातही आहे आणि ब्रिटनीतही आहे.

एक गोष्ट मात्र मला मनापासून लागते. याच हॉटेलात हुस्टो थॉमस नावाचा डॉमिनिकन रिपब्लिकचा माणूस वर्षानुवर्षं मासे कापायचा, दिवसाला सातशे पौंडांच्या आसपास, एकट्याने. शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनने त्याच्यावर लिहिलंय. तर बोर्डेन जेवायला घेऊन गेला तोवर हा माणूस त्या हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून कधी बसलाच नव्हता! ज्याच्या हातून प्रत्येक तुकडा गेला तोच टेबलापासून लांब. आपल्या घरातही तेच चालतं, मासे आणणारी, साफ करणारी, तळणारी बाई सगळ्यात शेवटी शेपटीचा तुकडा घेऊन बसते आणि आपण तिला वाढदिवसाला साडी देतो. साडी द्याच, पण एकदा तिला मधोमध बसवून जगातला उत्तम मासा वाढा, आणि तिचं मत विचारा, कारण तिला मत असतं.

महाग आहे, रात्रीचं जेवण माणशी दोनशे डॉलरच्या वर जातं, ते मी लपवत नाही. दुपारचा मेन्यू त्यापेक्षा स्वस्त पडतो, बुकिंग मात्र बरंच आधी करा. टुनाखाली पावाच्या कापावर बदकाच्या लिव्हरचा थर असतो, चालत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

आत्याला आता फुल्टन मार्केट बघायचंय. ते २००५ला ब्रॉन्क्समधे हंट्स पॉइंटला हललं, व्यवहार सगळा मध्यरात्रीनंतर चालतो. ती म्हणाली, झोप काय रोजचीच आसा, माका घेऊन चल. या आठवड्यात जातोय, कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.