‘आवाज आला की तेल मारा’वाला फॉरवर्ड आधी डिलीट करा

मागच्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला पाच जणांनी पाठवला, त्यातला एक तर सख्ख्या मेव्हण्याने. प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवी टिक आणि खाली ‘सर्व एम्ब्रॉयडरीवाल्या बांधवांपर्यंत पोचवा’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एम्ब्रॉयडरी मशीन आवाज करते म्हणजे तेल कमी पडलंय, रोज सकाळी सगळीकडे भरपूर तेल सोडा, जाम वाटली तर डब्ल्यूडी-40 मारा, कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा, तरी आवाज असेल तर टाइमिंग (सुई आणि खालचा हुक यांच्या भेटीचा मेळ) गेलंय, हुक सैल करून स्वतः लावा, स्पीड 500 वर, म्हणजे मिनिटाला 500 टाक्यांवर ठेवा, आणि मेकॅनिकवर पैसे घालवू नका.

गणपतीचा सीझन तोंडावर आहे, मंडळांचे टीशर्ट सगळ्यांकडे पडलेत, घाईत कोणीतरी हे खरंच करून बसेल म्हणून लिहितोय. मी इंजिनियर वगैरे नाही. साकीनाक्याला दुसऱ्या मजल्यावर गाळा आहे, सहा हेडची, म्हणजे टाके घालणारी सहा डोकी आणि प्रत्येकात पंधरा सुया असलेली मशीन आहे, आणि चुका बऱ्याच करून झाल्यात.

तर तेल. हुक म्हणजे खाली फिरून सुईचा धागा बॉबिनच्या धाग्यात गुंतवणारा भाग, तो कोरडा पडला की करकरतो हे खरंय, नाकारत नाही. एका टाक्याला हुकच्या दोन फेऱ्या होतात, म्हणजे 850 स्पीडला तो मिनिटाला 1700 वेळा फिरतो, तेही लोखंडावर लोखंड घासत. त्याला दिवसातून एक-दोनदा पांढरं मशीन ऑइल लागणारच. पण एक थेंब, आणि तोही हुकच्या त्या खाचेत जिथे बास्केट (बॉबिन केस धरणारा भाग) बसते. नीडल बारचं, म्हणजे सुई धरून वरखाली होणाऱ्या दांड्याचं वेळापत्रक वेगळं, कापड ताणून धरणारी फ्रेम सरकते त्या गाइडला बहुतेक मशीनवर तेल नाही तर ग्रीस, हे सगळं मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं, ते पान झेरॉक्स करून भिंतीला चिकटवा. ‘सगळीकडे भरपूर’ असं कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

भरपूरचं काय होतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळेच्या पांढऱ्या पोलोची ऑर्डर होती, खिशावर लोगो. 4 नंबरच्या हेडमधून टक टक टक सुरू झालं. आमच्याकडच्या पोराने असाच कुठलातरी सल्ला ऐकलेला, त्याने वरून तेलाची बाटलीच दाबली. आवाज अर्धा तास कमी झाला, आणि इथेच माणूस फसतो कारण तेलाने ठोका थोडा वेळ दबतो, त्यामुळे वाटतं की जमलं. मग परत टक टक, वर अठरा पोलोवर काळपट ठिपके, त्या अठरा नगांचे पैसे माझ्या खिशातून. शेवटी निघालं काय, तर प्रेशर फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) वरचं ते छोटंसं कुशन झिजून चपटं झालेलं, प्रत्येक टाक्याला धातू धातूवर आपटत होता. तिथे डबाभर तेल ओतलं असतं तरी काय होणार होतं?

ते सापडलं कसं, हे फॉरवर्डमध्ये असायला हवं होतं खरं तर. बहुतेक मल्टिहेड मशीनवर प्रत्येक हेडला स्वतंत्र बटण असतं. ज्या हेडवर संशय आहे ते बंद करा आणि मशीन चालवा. आता त्या हेडचा नीडल बार वरच अडकून राहतो, पण खाली हुक फिरतच असतो. आवाज गेला तर भानगड नीडल बार, प्रेशर फूट, किंवा सुई कशाला तरी लागतेय यात आहे. आवाज तसाच राहिला तर हुक, खालचा शाफ्ट, नाहीतर नीडल बारला वरखाली नेणारा रेसिप्रोकेटर, कारण तोही रिकामा नाचतच असतो. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त धागा कापताना आवाज येत असेल तर चाकूकडे बघा, कलर बदलताना येत असेल तर सुयांचा संच सरकवणाऱ्या भागाकडे, फ्रेम लांब उडी मारताना येत असेल तर बेल्ट आणि गाइडकडे. आणि सगळ्याच हेडना सारखा घरघर आवाज असेल तर एकेका हेडमध्ये बोटं घालत बसू नका, ते मेन शाफ्टचं नाहीतर मोटरच्या बेल्टचं दुखणं असू शकतं.

माझे बाबा 82 च्या संपापर्यंत मिलमध्ये फिटर होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या बॉडीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते बेअरिंग ऐकायचे. मी अजून तेच करतो. टोक फक्त स्थिर कव्हरला लावायचं हां, फिरत्या भागाजवळ नाही, आणि लांब बाह्या, गळ्यातली ओढणी, आयडी कार्डची दोरी काहीही लोंबकळत नको.

डब्ल्यूडी-40 वाईट नाही, पण ते मशीनचं तेल नाही. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजेच वॉटर डिस्प्लेसमेंट, 1953 मध्ये ओल हटवून गंज रोखायला बनवलेली वस्तू. त्यात बराचसा भाग सॉल्व्हंट असतो, तो आधीचं तेल-ग्रीस धुवून काढतो आणि स्वतः उडून जातो, मागे जो पातळ थर उरतो तो 1700 फेऱ्यांना पुरत नाही. गंजलेला स्क्रू सोडवायला खुशाल वापरा, पुसा, मग तिथलं जे काही तेल असेल ते घाला. आणि घरच्या शिलाई मशीनसारखं खोबरेल तर अजिबात नको, ते चिकट होतं आणि थंडीत गोठतं. मुंबईला थंडी कुठे म्हणाल, पण एसी लावलेला गाळा असतोच की.

कॉम्प्रेसरची हवा. गाळ्यात आधीच आहे, दोन सेकंदांत सगळं चकाचक दिसतं, मोह होतो. पण धाग्याचा भुसा बाहेर जातो तेवढाच आत बेडमध्ये, चाकूच्या मागे, बेअरिंगच्या कडेला जाऊन बसतो आणि तेलात मिसळून काळा लगदा होतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा, टाकीखालचा कॉक रोज सोडला नाही तर हवेबरोबर पाण्याचे शिंतोडे हुकवर. सुईखालच्या प्लेटचे स्क्रू काढा, ब्रशने भुसा बाहेर ओढा, छोटा व्हॅक्यूम असेल तर उत्तम. हुकभोवती गुंडाळलेला धागा चिमट्याने काढा, सुईचं तुटलेलं टोक आत पडलंय का बघा. माझ्याकडे एकदा असं मिलिमीटरभर टोक आठवडाभर खडखडत होतं.

आता टाइमिंग, सगळ्यात घातक सल्ला. टाइमिंग हललं की टाके सुटतात, धागा पिंजतो, सुया तुटतात. नुसता आवाज येतोय आणि टाका छान पडतोय, तर टाइमिंगला हात कशाला लावायचा? ते आपोआप सहसा हलत नाही, धाग्याचा मोठा गुंता होऊन हुक अडकला किंवा फ्रेमवर सुई आपटली तर हलतं. आधी सुई बदला. वाकडी, बोथट, पूर्ण वर न बसलेली किंवा जराशी फिरलेली सुईच बऱ्याचदा टिकटिकत असते. मग बॉबिन केस काढून बघा, पिचकलेली बॉबिन खुळखुळते, बॉबिन संपत आली तरी आवाज बदलतो. मग बास्केट फिरू नये म्हणून अडवणारी ती पट्टी जागेवर आहे का बघा. हे सगळं ठीक असेल तरच हुक. सुई आणि हुकच्या टोकात 0.1 ते 0.3 मिलिमीटर एवढीच फट लागते, आणि किती डिग्रीला टोक सुईशी यायला हवं तो आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. फॉरवर्ड वाचून अंदाजाने हुक सैल करणारा माणूस एक टिकटिक घालवायला सहा नवीन दुखणी विकत घेतो.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नावालाही नाही. लोगोच्या ठराविक कोपऱ्यातच धपधप होत असेल तर मशीन नाही, पंचिंग, म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बघा. 40 नंबरच्या धाग्याला साधारण 0.4 मिलिमीटरची डेन्सिटी (टाक्यांच्या ओळींमधलं अंतर) पुरते, त्यात तीन थर एकावर एक आणि छोटे छोटे टाके एकाच भोकात, मग सुई कापडात नाही, दगडात घुसल्यासारखी वाजते. फ्रेममध्ये कापड सैल असेल तर तेही फटफटतं.

स्पीड 500 वर ठेवून आवाज कमी होतो, मान्य. झिजलेलं कुशन मात्र तिथेच असतं. काही मशीन एका विशिष्ट स्पीडलाच थरथरतात, त्याच्या वर-खाली शांत, तेव्हा आधी पाय बघा. चारही पायांवर सारखा भार आहे का ते पाणसळ ठेवून तपासा, खाली रबरी पॅड घाला. वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात निम्मा आवाज फरशीचा असतो, खालच्या शेजाऱ्यांना विचारा. वस्तीत रात्री मशीन चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे.

राहिला मेकॅनिक. सुई, बॉबिन, सफाई, तेल, कुशन, पाय एवढं आपलं. शाफ्ट, बेअरिंग, हुकचं टाइमिंग त्याचं. फक्त त्याला ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका, हेड चालू असताना आणि बंद असताना असे दोन व्हिडिओ काढून पाठवा, स्पीड किती होता ते लिहा. आमचा मेकॅनिक कुर्ल्याहून येतो, असे व्हिडिओ पाठवायला लागल्यापासून तो पार्ट बरोबर घेऊनच येतो, दुसरी खेप होत नाही. मेव्हण्यालाही हेच दोन व्हिडिओ पाठव म्हटलंय, अजून काही आलेले नाहीत.